घट्ट झाकणाची बरणी

मला सहसा किळस येत नाही. माझा धंदाच तसला आहे. लोकांचे जुने सोफे मी उसवते आणि नव्याने भरून देते. वरून मखमल, आत काय काय निघतं ते विचारू नका. कापलेली नखं, केसांचे पुंजके, अर्धी चघळून थुंकलेली गोळी, झुरळांची अंडी. एकदा तर वाळून कडक झालेला उंदीर निघाला. ज्या बाई त्यावर बसून वर्षानुवर्षं पाहुण्यांना चहा देत होत्या त्या मला म्हणतात, "आमच्या घरातला नाही हो तो." म्हणजे काय, भाड्याने आला होता? असलं सगळं बघून त्याच हातांनी, म्हणजे धुऊन हो, मी बिस्किटं खाते. पण माझ्या सख्ख्या भावाच्या दिवाणखान्यात, भर दुपारी, लखलखीत पुसलेल्या टेबलासमोर बसून मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

टेबलावर मधाची बरणी होती. समोर दोन पाहुण्या बायका, दोघींचे गुडघे दुखणारे. दादा इस्त्रीचा शर्ट घालून मध्ये उभा.

"घ्या, उघडून बघा," दादा म्हणाला.

एका बाईने झाकण पिरगळून पाहिलं. दुसरीने पदर लावून पाहिलं. उघडेना. उघडणार कसं? पाणी प्यायला मी मघाशी स्वयंपाकघरात गेले तेव्हा हा माझा भाऊ दात-ओठ खाऊन तेच झाकण घट्ट पिळत उभा होता. मला बघून म्हणाला, "डेमोची तयारी."

"अगं, जरा बाहेर ये," दादाने हाक मारली. वहिनी आली. ओढणीला हात पुसले, बरणी घेतली, आणि टक् करून झाकण उघडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, टाळ्या!

"गेल्या वर्षी हिला स्वतःच्या केसांना रबर लावता येत नव्हतं," दादा म्हणाला. "आणि हा अंगठा बघा. सुई घुसली, पार आरपार. सूज आहे? लाली आहे? काही नाही. सूज या बाईच्या अंगातून गेलीच."

वहिनीने बरणी खाली ठेवली. झाकणावर पिवळट ओला डाग राहिला होता. दादाने खिशातून रुमाल काढला, डाग पुसला, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि हसून म्हणाला, "मध जरा गळतो."

मध नव्हता तो. वहिनीच्या अंगठ्याच्या पट्टीतून आलेला पू होता. शी! माझ्या हातातला चहा तसाच राहिला. बायकांनी मात्र भुकटीचा एक-एक डबा घेतला आणि खुशीत गेल्या.

आता ही भुकटी काय आणि आमच्या घरात कशी घुसली ते सांगते.

वहिनी माझ्या भावाची बायको, पण तिचा दिवस माझ्या दुकानात जातो. लग्न होऊन आली तेव्हा मला 'वन्सं' म्हणायला लागली. मी कितीदा सांगितलं, अगं जुनाट वाटतं, नुसतं नाव घे. नाही सुटलं. दुकानात गिऱ्हाइकांसमोरही वन्सं. ती सोफ्यांना बटणं लावते. फुगीर पाठीच्या सोफ्यावर खोल रुतलेली बटणं असतात ना, ती. लांब सुई आरपार घालायची, मागून दोरा खेचायचा, आणि सगळी बटणं एकसारखी खोल बसली पाहिजेत. एकाला जरा जास्त ओढ पडली की सगळी पाठ वाकडी दिसते. मला ते जमत नाही. माझी बटणं बघून वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्ही सोफ्यावर राग काढलाय." तिच्या बोटांत तो अंदाज आहे. आमचं दुकान त्या बोटांवर चालतं, हे मी कधी तिच्या तोंडावर म्हटलं नाही ही गोष्ट वेगळी.

तर ती बोटं सकाळी वळेनाशी झाली. उठल्यावर मूठ मिटायची नाही. सांधे गरम, लाल, टम्म. दुपारपर्यंत जरा सैल व्हायचे, तोवर कामाचा अर्धा दिवस गेलेला. मोठ्या दवाखान्यात सांध्यांची डॉक्टर आहे, तिच्याकडे नेलं. तरुण पोरगी. पहिल्याच वाक्यात मला मावशी म्हणाली, मी तिथेच मनातल्या मनात फुली मारली. पण समजावलं नीट, हे कबूल.

"मावशी, सूज ही मुळात वाईट नसते," ती म्हणाली. "काटा रुतला, जंतू शिरले, की शरीर त्या जागी लढायला माणसं पाठवतं. म्हणून जागा तापते, लाल होते, सुजते, दुखते. लढाई संपली की सूज ओसरते. यांच्या सांध्यांत ती ओसरतच नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून बसलंय. वर्षानुवर्षं असंच चाललं तर हाडं कुरतडली जातात, आणि त्रास सांध्यांपुरता राहत नाही, हृदयापर्यंत जातो. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी देते. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील. मधूनमधून रक्त तपासायचं. धीर धरा."

धीर! आमच्या घराण्यात कोणाला आहे तो? महिना झाला, बोटं तशीच. गोळी घेतली की वहिनीला दिवसभर मळमळायचं. दादा म्हणाला, हे विकतचं दुखणं कशाला? आणि नेमका त्याच सुमाराला तो टायवाला आला.

नाव विचारू नका, मी त्याला टायवालाच म्हणते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पण गळ्यात टाय. दादाची आणि त्याची गट्टी जमायला वेळ लागला नाही. दादाने आयुष्यभर काय काय विकलं: पाण्याचे फिल्टर, विमा, चुंबकाच्या गाद्या. कशातच जम बसला नाही. बोलण्यात मात्र पक्का, साखर पेरत बोलेल. टायवाल्याने त्याला हिरवट तपकिरी भुकटीचा डबा दिला. शंभर टक्के झाडपाला. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. मी वास घेऊन बघितला. जुन्या सोफ्यातला काथ्या भिजून कुबट होतो ना, अगदी तो.

तिसऱ्या सकाळी वहिनीने स्वतःचे केस स्वतः बांधले.

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आठवड्याभरात तिने दोन मोठ्या सोफ्यांची बटणं लावून दिली. मी त्या टायवाल्याला माझ्या हाताने चहा करून पाजला आणि वर आणखी एक कप विचारला. आठवलं की अजून तोंड कडू होतं. आठवड्याची गोळी टेबलाच्या खणात पडून राहिली. दादा भुकटीचा विक्रेता झाला आणि वहिनी त्याची जाहिरात.

मग तिचे गाल फुगायला लागले. इतके की हसली की डोळे नाहीसे व्हायचे. मानेमागे मांसाचा उंचवटा आला. हातपाय मात्र काटक्या. कापडाचा गठ्ठा दंडाला नुसता घासला तरी जांभळे डाग. भूक तर अशी की डबा उघडून उभ्या उभ्या खायची आणि मग लाजायची. मी म्हटलं, दादा, हे काय? तर म्हणाला, "अंगाने भरलीय. इतकी वर्षं खंगलेली होती, आता तब्येत धरली तर तुझ्या डोळ्यांत का खुपतं?" येणारे-जाणारेही तेच, वा, काय तब्येत सुधारली! लोकांना गाल वर आले की तब्येत सुधारली वाटते. आत काय आहे ते उसवून बघितल्याशिवाय कळतं का?

आणि मग ती सुई. आमच्या धंद्यात सुई घुसणं रोजचंच. दुसऱ्या दिवशी ठसठसतं, सुजतं, मग आपोआप बसतं. वहिनीचा अंगठा सुजलाच नाही. लालही झाला नाही, फार दुखलाही नाही. तिने पट्टी बांधली आणि कामाला लागली. पट्टी ओली होत राहिली. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही हो वन्सं, जरा पाणी सुटतंय."

बरणीच्या झाकणावर ते पाणी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं.

त्याने पट्टी सोडली. खोलीत वास पसरला. मेलेल्या उंदराचा वास मी ओळखते. तो माझ्या वहिनीच्या अंगठ्याला येत होता. नखाखाली सगळं पिवळं, आणि वरची कातडी शांत, फिकट, जशी काही झालंच नाही. डॉक्टरने अंगठा बघितला, मग तिचे गाल बघितले, मग उठून मानेमागे हात लावला.

"औषध काय घेता?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही हो. नुसती भुकटी घेते. झाडपाल्याची."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "बाई, या भुकटीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, मला जवळजवळ खात्री आहे. ते सूज दाबतं. नको ती दाबतं आणि हवी तीही दाबतं. म्हणून तुमची बोटं मोकळी झाली, आणि म्हणूनच अंगठा आतून सडला तरी तुम्हाला कळलं नाही. सूज आली असती तर चार दिवसांत धावत आल्या असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुर्ची मागे ढकलली आणि बाहेर पायरीवर जाऊन दादाला फोन लावला. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, बघू देत. आत डॉक्टर वहिनीला आणखी काहीतरी सांगत होता. मी परत गेले तोवर तो चिठ्ठी लिहून मोकळा झाला होता.

बसमध्ये वहिनी म्हणाली, "वन्सं, डॉक्टर म्हणत होते की ती भुकटी..."

"त्या भुकटीचं नाव काढू नकोस! एक अक्षर बोलू नकोस. गप्प बस."

"नाही, पण ते म्हणाले..."

"गप्प बस म्हटलं ना! तू आयुष्यभर गप्प बसलीस म्हणून तर ही वेळ आली."

म्हणजे बघा. गप्प बस म्हणूनही मीच झापलं आणि गप्प बसते म्हणूनही मीच. ती बिचारी खिडकीबाहेर बघत राहिली.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. सोफ्यातला फोम कुजलेला निघाला की अर्धा ठेवायचा नाही. वरचा बरा दिसतो म्हणून वाचवायला जाल तर महिन्याभरात नवा भागही कुजतो. सगळा उपसायचा, सगळा फेकायचा. घरी गेल्यावर मी तेच केलं. दादा घरात नव्हता. कपाटातले, पलंगाखालचे, होते नव्हते तेवढे डबे मी संडासात रिकामे केले आणि पाणी सोडलं. हिरवा फेस वर आला, कुबट वास घरभर सुटला. वहिनी दाराशी उभी होती.

"वन्सं, सगळी नका हो टाकू."

"का? चटक लागली? त्याने लावली ना चटक!"

मी तिचे चार कपडे घेतले आणि तिला दुकानावरच्या माझ्या खोलीत आणलं, दादाने पुन्हा पाजू नये म्हणून. अंगठ्याच्या गोळ्या वेळेवर देत होते. मला वाटत होतं, मी किती शहाणी, किती खंबीर.

दुसऱ्या दिवशी ती गळून गेली. मग उलट्या सुरू झाल्या. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. त्यातही ती कामाला खाली आली, मला वाटतं माझ्या तोंडासमोरून दूर व्हायला म्हणून. सकाळी मी कापड बेतत होते, मागून काही आवाजच आला नाही. वळून बघितलं तर वहिनी अर्ध्या बटणं लावलेल्या सोफ्यावर पालथी पडलेली. सुई अजून कापडात. अंग घामाने थंडगार. हाक मारली तर डोळे उघडेना. माझी बोबडी वळली.

मोठ्या दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा लावला, काढला, परत लावला. रक्तदाब मोजता येईना. चार माणसं धावत आली, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. तीच सांध्यांची पोरगी-डॉक्टर आली.

"काय टोचलंत?" मी विचारलं.

"स्टेरॉइड."

"तेच? अहो तेच तर विष होतं! मी सगळं फेकून दिलं आणि तुम्ही परत तेच घालताय?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "सगळं फेकलंत? एकदम?" मग मला बाजूच्या बाकावर बसवलं. "मावशी, आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. याच जातीचं रसायन त्या रोज जरुरीपुरतं बनवतात. त्याच्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. बाहेरून आयतं आणि भरमसाट मिळायला लागलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. यांच्या झोपल्यात. तुम्ही बाहेरचं बंद केलंत, आतलं तयार होत नाही, त्यात अंगठ्याचा संसर्ग. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. औषध वाईट नाही, मावशी. मापात, लपवाछपवी न करता, आणि उतरवताना हळूहळू. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का, एकदम बंद करू नका म्हणून?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. वहिनीने डोळे उघडले होते.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

बस्, एवढंच. कोणी सांगितलं, कधी, मग का ऐकलं नाही, यातलं काही नाही. मला बसमधली खिडकी आठवली. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझा मलाच वीट आला, तोंडाचा, रागाचा, त्या शहाणपणाचा. ज्या हातांनी डबे उपडे केले ते हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तेवढ्यात दादा आला. जिना चढून आला होता, एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. धापा टाकत म्हणाला, "काय झालं? अशक्तपणा ना?"

डॉक्टरने विचारलं, "या किती दिवस घेत होत्या? रोज किती? त्यात काय आहे याची काही कल्पना?"

"शंभर टक्के झाडपाला, डॉक्टर. साइड इफेक्ट शून्य." बायको नळ्या लावून पडलीय आणि ह्याचं तुणतुणं तेच. "हिचं काहीतरी वेगळं आहे. आमचे इतके समाधानी ग्राहक आहेत..."

डॉक्टर त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. "तुमचेही सांधे दुखतात वाटतं."

"हो ना. कित्येक वर्षं. जिना म्हणजे शिक्षाच."

"मग तुम्हीही घेत असाल. ऐका, घाबरून एकदम सोडू नका, या जशा पडल्या तसे पडाल. उद्या तुमचंही रक्त..."

"छे छे!" दादा घाईघाईने म्हणाला. "मी कुठे घेतो? मी नाही घेत."

"कधीच नाही?"

"एक चमचासुद्धा नाही." छाती काढून म्हणाला हो. आणि म्हणून झाल्यावर त्याच्या कानांत शिरलं असावं, कारण एकदम त्याने जीभ चावली. "म्हणजे... मला त्या वासाने मळमळतं."

नर्स सलाइनची नळी धरून थांबली. वहिनी छताकडे बघत होती. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी माझ्या वाटणीची साखर चाटून वाटी परत ठेवायचा तेच तोंड. म्हणजे ह्याला माहीत होतं. नावगाव माहीत नसेल, पण स्वतःच्या अंगात घालण्यासारखं ते नाही एवढं पक्कं माहीत होतं. बायकोच्या अंगात घालायला चालत होतं. ओकारी यावी असा राग आला मला. पण त्या दिवशी माझ्या तोंडाला बोलायचा हक्क राहिला नव्हता.

वहिनी वाचली. अंगठ्याचं नख आणि थोडं मांस काढावं लागलं. स्टेरॉइडची मोजकी गोळी, दर थोड्या दिवसांनी कणभर कमी. अंगठा भरून आल्यावर आठवड्याची गोळी पुन्हा सुरू. डॉक्टरने आधीच सांगितलं, पहिली गोळी उतरेपर्यंत आणि दुसरीचा गुण येईपर्यंत मधले आठवडे त्रासाचे, सूज परत येईल, सोसावं लागेल. आली सूज. सकाळी परत मूठ मिटेना. मला वाटलं होतं ती माझ्याकडे राहील, पण ती घरी गेली. म्हणाली, माझं घर आहे ते, वन्सं. दादाने तिच्यासमोर हात जोडले होते म्हणे, धंदा बंद केला, टायवाल्याचा फोन उचलणार नाही. मी ओठ शिवून घेतले.

मग एका दुपारी उशीचं कापड पसंत करायला म्हणून तिच्याकडे गेले. दारात अनोळखी चपला. आत इस्त्रीचा शर्ट. टेबलावर नवाकोरा डबा, आणि मधाची बरणी.

या खेपेला एक शाळेतल्या बाई होत्या, सोबत नवरा. बाईंची बोटं बघितली. अगदी वहिनीची पहिली बोटं. म्हणत होत्या, फळ्यावर लिहिताना खडू धरवत नाही, पोरं हसतात.

मी आत गेले. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. "अगं, काय चाललंय हे?"

"म्हणाले, आधी पैसे भरलेले हे नवे डबे आलेत, शेवटचे एवढे खपवायचे," ती म्हणाली. "म्हणाले, तू नुसती ये, काही बोलू नकोस. झाकण सैल करून ठेवलंय."

सैल करून ठेवलंय! आधी बायको बरी दाखवायला झाकण पिळत होता, आता ती आजारी पडली तर झाकण सैल. मी बाहेर झेप घेणार होते. वहिनीने माझ्या दंडाला हात लावला. जोर नव्हता त्या हातात, पण मी थांबले.

तिने कपात कोमट पाणी घेतलं. चमचा धरताना दोनदा निसटला. बाहेर जाऊन तिने नवा डबा दोन्ही तळव्यांत दाबून उघडला, चमचाभर भुकटी कपात टाकली, ढवळली. कुबट वास पसरला. बरणीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कप तिने दादासमोर ठेवला.

"घ्या."

"हे काय?" दादा हसला. "अगं, पाहुण्यांना..."

"आधी तुम्ही घ्या. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"मी आत्ताच चहा घेतला."

"मग पाच मिनिटांनी घ्या. आम्ही थांबतो."

"माझी प्रकृती उष्ण आहे, मला सोसत नाही..."

"मी वर्षभर घेतली," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी तुम्ही करून द्यायचा. तुम्ही एकच घ्या. या बाईंना दिसू दे."

दादाने कप उचलला. नाकापर्यंत नेला. त्याचा चेहरा आंबला. सगळे बघत होते. त्याने कप खाली ठेवला, जरासा हिंदकळून थोडं हिरवं पाणी इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. ते तो लगेच पुसायला लागला, रुमालाने, जोरजोरात, अंगाला लागू नये म्हणून.

शाळेतल्या बाई उठल्या. वहिनी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. "मोठ्या दवाखान्यात सांध्यांची डॉक्टर आहे, तिच्याकडे जा. वेळ लागतो तिच्या औषधाला, मलाही अजून गुण आलेला नाही, पण जा. आणि असली भुकटी कोणाकडून आधीच घेत असाल तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरला सांगा." बसमध्ये अर्धं राहिलेलं ते बोलणं तिने पुरं केलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

परत येऊन तिने तो कप मोरीत ओतला आणि घासायला घेतला.

"फेकून दे ना तो कप," मी म्हटलं.

"कपाने काय केलंय? चांगला कप आहे," ती म्हणाली. सुजलेल्या बोटांनी तिने तो दोनदा विसळला, पालथा ठेवला, हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. दादा बाहेरून म्हणाला, "चहा टाकतेस का जरा?"

बऱ्याच वेळाने तिने मला हाक मारली. पलंगावर तिची मोठी बॅग होती. साड्या, औषधांची पिशवी, तिची बटणांची लांब सुई, सगळं नीट रचून भरलेलं.

"वन्सं, तुमच्या खोलीत माझी गादी अजून आहे ना?" तिने विचारलं. "या चेनीला जरा हात लावा. माझ्या बोटांनी ओढवत नाही."

मी चेन ओढली.